गार्डचा डबा मोजायचा नसतो

आमच्या बाबांना कुणी काहीही मागितलं तरी ते हो म्हणत. अट एकच, मागताना समोरून मालगाडी जात असली पाहिजे. वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारीला चळ लागला. वाटू दे. पण पुलगावात रुळाच्या कडेला तीन खोल्यांत मी माझी पहिली बावीस वर्षं काढली, आणि त्या वर्षांत माझ्या मनासारखं जे काही झालं ते सगळं कोळशाच्या गाडीच्या कृपेनं झालं, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन. एकदाच ही कृपा माझ्यावर उलटली. त्या रविवारचं मला लिहून ठेवायचं आहे, पण आधी घर सांगितल्याशिवाय त्यातलं काहीच कुणाला खरं वाटणार नाही.

मोरीच्या दारातून निघालं की अकरा पावलांवर रूळ. मध्ये एक बाभूळ, एक सिमेंटचं टाकं आणि आईची बाज, बस. बडनेऱ्याकडून येणारी गाडी आधी वर्धा नदीच्या पुलावर खडखडायची, म्हणजे ती सांगून यायची. दुधाचं गंज चुलीवरून उतरवायला, पातेल्यावर झाकण ठेवायला वेळ मिळायचा. वर्ध्याकडून येणारी मात्र न सांगता थेट दारात. रिकामी मालगाडी कल्ला करत जायची, भरलेली आली की आवाज कमी पण जमीन हलायची. फडताळातल्या वाट्या दिवसभरात चार बोटं पुढे सरकायच्या आणि आई रोज संध्याकाळी त्यांना मागे लोटायची. देवांच्या तसबिरी खिळ्याला तारेनं आवळलेल्या होत्या. घड्याळ भिंतीवर टिकत नसे म्हणून ते ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत ठेवलेलं असे. कुणी वेळ विचारली की आई ट्रंक उघडायची. बाजेवर मुंगवड्या वाळत घातल्या असल्या आणि कोळशाची गाडी आली की आई धावत जाऊन त्यांच्यावर जुनं पातळ टाकायची, तरी थोडी काळी भुकटी बसायचीच. पुढे मी पुष्कळ घरच्या मुंगवड्या खाल्ल्या, पण त्या मला नेहमी अळणी लागत आल्या आहेत.

गाडी आली की घरात बोलणं थांबायचं. ओरडून बोलायची आमच्यात पद्धत नव्हती; ओरडून बोलणारे लोक बाजूच्या घरात राहत आणि त्या सगळ्यांचे घसे कायमचे बसलेले होते. आम्ही वाक्य जिथे असेल तिथे सोडायचो आणि गाडी गेली की त्याच शब्दाच्या पुढून उचलायचो. हातसुद्धा थांबायचे, कारण जमीन हलत असताना गरम कढी वाढायला गेलं की ती ताटात कमी आणि मांडीवर जास्त पडते, हे आईनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकून घेतलं होतं. बाबांचा घास हातात, आईची पळी हवेत, माझी वेणी अर्धी, असे आम्ही तिघं तीन-तीन मिनिटं बसून राहायचो. एकदा आई सांगत होती, "अन् मंग त्या बाईच्या नवऱ्याले असा राग आला का त्यानं कुऱ्हाड उचलली अन्..." आणि भरलेली गाडी आली. मी आणि बाबा जीव मुठीत धरून बसलो. गाडी गेली. आई म्हणाली, "सारं सरपण फोडून ठेवलं." मला अजूनही कुणी मध्येच थांबलं की पुढच्या शब्दाची वाट पाहत बसायची सवय आहे. लोकांना वाटतं, बाई मोठी ऐकून घेणारी आहे.

बाबा शाळेत कारकून होते. शांत माणूस. दिवसभर इतरांनी सांगितलेलं लिहून घ्यायचं काम, त्यामुळे स्वतःचं काही बोलायची सवयच सुटली होती की काय कोण जाणे. त्यांना नाद एकच, मालगाडीचे डबे मोजण्याचा. तोंडानं नाही, बोटांनी नाही, मानेनं. एक डबा गेला की मान खाली-वर, दुसरा गेला की खाली-वर. कोळशाच्या गाडीला अठ्ठावन्न डबे असत, म्हणजे अठ्ठावन्न वेळा. डोळे रुळावर, कान बंद. त्या वेळी घर पेटलं असतं तरी ते गाडी संपल्यावरच पाणी आणायला उठले असते. प्रवासी गाड्या ते मोजत नसत. "मानसं मोजू नाई, दृष्ट लागते," म्हणत. आणि मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा आला की मान आडवी, दोनदा, जोरात. मी लहानपणी विचारलं होतं, याला नाही काऊन म्हणता? तर म्हणाले, "तो डब्बा मालाचा नाई न् बाई. त्याच्यात काई भरलेलं नसते. तो धराचा नाई." मग मी विचारलं, बाकीचे तरी काऊन मोजता? त्यावर त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "न मोजता सोडलं का ताटात उष्टं टाकल्यावानी वाटते."

मी बारा वर्षांची असताना शाळेची सहल केळझरला गणपतीला निघाली. बाबांना विचारायला गेले आणि "बाबा, मी..." म्हणेपर्यंत गाडी आली. खरं तर थांबायला हवं होतं, पण मास्तरीणबाईंना नावं संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि माझा जीव वरखाली होत होता, म्हणून घरचा नियम मोडून मी बोलून टाकलं, "केळझरले जाऊ का?" बाबांची मान खाली-वर झाली. पुन्हा झाली. पुन्हा झाली. असं ठाम होकार देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिखट पुऱ्यांचा डबा घेऊन निघाले तर बाबा म्हणाले, "कुठी चालली वो?"

"केळझरले. तुमीच हो म्हटलं."

"केव्हा?"

"काल, गाडी चालली होती तेव्हा. मान हलवली तुमी. आईले विचारा."

आईनं पाहिलं होतं, ती खोटं कशी बोलेल? "हलवली तर होती बाप्पा," ती म्हणाली. बाबा रागावतील असं वाटलं, पण नाही. म्हणाले, "हलवली असंन. मंग जा. मानसानं आपल्या मानीले खोटं पाडू नाई." आणि आमच्या घरात कायदा झाला.

मग काय विचारता! सायकल मला मालगाडीत मिळाली. केस खांद्यापर्यंत कापायची परवानगी मालगाडीत मिळाली. वर्ध्याच्या कॉलेजात जायचं, तेही मालगाडीतच ठरलं. यात एक कसब होतं. पहिल्या दहा डब्यांत विचारायचं नाही, कारण तोवर आई आपलं काम आवरत असते आणि साक्षीदार लागतोच. पन्नासाच्या पुढे जायचं नाही, कारण बोलणं लांबलं आणि गार्डचा डबा आला तर संपलं. आईचं नेमकं तिथंच चुकायचं. तिला मिक्सर पाहिजे होता. पण तिला एकदम मुद्द्यावर येता यायचं नाही. "म्हंजी मी काय म्हणून राह्यली होती, त्या मागच्या घरच्या बाईकडे नाई का, तिचा भाऊ आलता दिवाळीत..." असं करत करत ती मिक्सरपर्यंत पोचायची तेव्हा बाबांची मान आडवी हलत असायची. चार वर्षं तिचा मिक्सर गार्डच्या डब्याखाली गेला आणि चार वर्षं ती पाट्यावर चटणी वाटत राहिली. मी तिला म्हणायची, "आई, मिक्सरनं सुरुवात कर न्." ती म्हणायची, "असं कसं, बाई? काई रीतभात असते का नाई?"

आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते. मला ठाऊक होतं की बाबा डबे मोजतात, माझं ऐकत नाहीत. बाबांनाही हे सुचायला हवं होतं, पण सरळ माणसाला सगळे सरळच वाटतात. मी त्याचा फायदा घेतला, आणि एकदा-दोनदा नाही, दहा वर्षं घेतला.

गार्डच्या डब्याचं मला मात्र लहानपणापासून वेड. सगळं जग खडखडत पुढे निघून जायचं आणि शेवटी तो एक डबा यायचा, त्यात एक माणूस, हातात हिरवी झेंडी, शेजारी लोखंडी पेटी. मी हात करायची, तो हात करायचा. मला वाटायचं, आपल्या घरात याच गाडीपायी एक वाक्य धड पुरं होत नाही, आणि याच गाडीत हा एक माणूस असा आहे ज्याला कुणाशी काही बोलायचंच नाही. काय सुख असेल! बी.ए. झाल्यावर पेपरात रेल्वेच्या गार्डांच्या भरतीची जाहिरात आली तेव्हा मी फॉर्म आणला आणि एका सकाळी, अंदाजे तिसाव्या डब्याला, विचारून टाकलं. मान हलली. नागपूरला परीक्षा दिली, पास झाले, आणि ट्रेनिंगला हजर व्हायचं पत्र आलं. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं. "मी हो म्हटलं होतं?" त्यांनी विचारलं. "हाव," मी म्हटलं. "मंग ठीक आहे," ते म्हणाले, आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. गाड्या मोजल्या तेवढ्या. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या मनात आलं की या माणसाला खरंच काय वाटतं हे आपल्याला एकदाही कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, कारण गाडी नसताना विचारलं आणि नाही म्हणाले तर?

बातमी आष्टीला आत्याबाईंकडे पोचली. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिला गावातल्या सगळ्यांच्या कुंडल्या पाठ. पहिल्या बसनं आली. "पोट्टी काय मालगाडीच्या शेपटीले लटकून फिरंन? रातच्याले, एकटी? लोकं शेन घालतीन तोंडात." आणि तिनं येतानाच एक स्थळ आणलं होतं. आष्टीचंच, कापडाचं दुकान, एकुलता मुलगा, वडील वारलेले, कारभार मोठ्या काकांच्या हातात. मी पाहायला या म्हटलं. मनात विचार हा की पाहून जातील, मग नाही म्हणू, नाहीतर एखाद्या गाडीत बाबांकडून म्हणवून घेऊ. ट्रेनिंगला बारा दिवस उरले होते. बॅग आतल्या खाटेखाली भरून ठेवली होती.

रविवारी सकाळी अकराची वेळ आईनं ठरवली. त्या सुमाराला पॅसेंजर गेलेली असते आणि मेलला वेळ असतो. मालगाडीला वेळापत्रक नसतं, हे ती विसरली नव्हती, पण देवाला नारळ बोलली होती. पाहुणे आले. मुलगा बारीक, शांत, खिडकीजवळ बसला. काका आडवे-उभे सारखेच, दुकानातला आवाज, बोलताना दोन्ही हातांनी हवेत कापड मोजत. आईनं मुंगवडे तळले होते, चिवडा केला होता. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, पहिला कप काकांना दिला, तो त्यांनी दोन घोटांत संपवला. आई म्हणत होती, "घ्या न्, अजून दोन..." आणि काका म्हणत होते, "आमचं एकच म्हणणं आहे पाव्हणे, का लग्न झाल्यावर पोरगी..." आणि माझ्या तळपायाखाली जमीन हलली. वर्ध्याकडून. भरलेली.

आम्ही थांबलो. सवयच ती. आईचा झारा काकांच्या बशीवर, मी मुलापुढे वाकलेली, कप माझ्या बोटांत आणि त्याच्याही बोटांत, दोघांपैकी कुणी सोडेना. आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. बाबांचं तोंड रुळाकडे वळलं. बिचाऱ्या काकांना या घराची रीत काय माहीत! त्यांनी आवाज चढवला. मी दोन हातांवर होते म्हणून मला ऐकू आलं.

"...नोकरी करनार नाई!"

बाबांची मान खाली-वर झाली. काकांना बरं वाटलं.

"लग्न आष्टीले होईन!" खाली-वर. "मांडव तुमचा!" खाली-वर. काका जरा पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे दुकानदाराच्या चेहऱ्यावर गिऱ्हाईक भाव न करता माल बांधायला सांगतं तेव्हा येतं. "वऱ्हाड तीनशेचं! जेवनात दोन गोड!" मान हललीच. "तीन गोड!" हललीच. आता त्यांना चेव आला. बँड अमरावतीचा. घोडा पांढरा. पांढरा नाही मिळाला तर दोन लाल. मांडवात पंखे, प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक. पोरीचं नाव बदलायचं. पहिली दिवाळी सासरी, दुसरीही सासरी. आंब्याच्या दिवसांत आंबे आष्टीला पोचवायचे. बाबा प्रत्येकाला हो, तेही दोन-दोनदा. आणि काकांच्या मागण्या संपल्या! गाडी मात्र संपेना. ते इकडेतिकडे पाहू लागले, अजून काय मागावं, एवढा चांगला सोयरा पुन्हा मिळायचा नाही. फडताळाकडे पाहिलं, तसबिरींकडे पाहिलं, शेवटी हातातल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि तो उचलून म्हणाले, "अन् चहा अर्धा कप अजून भेटंन?"

गार्डचा डबा आला. बाबांनी मान आडवी हलवली, दोनदा, जोरात.

गाडी गेली. "...मुंगवडे," आई म्हणाली आणि झारा बशीत उलटा केला. मी कप सोडला. काका कप हातात धरून तसेच बसले होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"चहाले नाई म्हटलं तुमी?"

"मी?" बाबा म्हणाले. "केव्हा?"

"आता. घोड्याले हो म्हटलं, तीन गोडाले हो म्हटलं, अन् अर्धा कप चहाले नाई? पाव्हणे, आमी काई चहाचे भुकेले नाई, पन हे बरं दिसते का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "कोनता घोडा?" त्यांनी विचारलं. मग काकांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. नोकरी नाही, इथून सुरू करून आंब्यांपर्यंत. सांगताना त्यांनाही जरा जास्त झाल्यासारखं वाटलं असावं, कारण पंखे त्यांनी गाळले. बाबांचा चेहरा उतरत गेला. आत्याबाई म्हणाली, "मान त हलवली माह्या भावानं. मी डोयानं पाह्यलं." आणि बाबांनी मान खाली घालून, हळू, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "हलवली असंन तर... बाई, आता कसं कराचं? आपल्या घरचा कायदा आहे."

कायदा माझा, साक्षीदार माझीच आत्या, आणि गळ्यात पडलं ते माझ्याच. खाटेखालची बॅग मला तिथून दिसत होती. मानेचा होकार खोटा म्हणावा तर नोकरी वाचत होती. पण मग फॉर्मचा होकारही खोटाच होता, आणि फॉर्मच खोटा तर वाचवायचं काय? एका बाजूला पांढरा घोडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आणि समोर हा माणूस, ज्यानं दहा वर्षं माझा प्रत्येक लबाड शब्द आपल्या मानेवर घेतला आणि आता पाहुण्यांसमोर अपराध्यासारखा बसला होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुमी हो नाई म्हटलं. तुमी डब्बे मोजत होते."

"ते त मी नेहमीच मोजतो."

"हाव. केळझरच्या वेळीई मोजतच होते. सायकलच्या वेळी, कॉलेजच्या वेळी. मले माहीत होतं. मी मुद्दाम गाडी पाहून विचारत होती."

काका कापड मोजायचे हात मांडीवर ठेवून ऐकत होते. बाबांनी विचारलं, "फॉर्मच्या वेळी?"

"तेव्हाई," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. चांगलं हमसून. पाहायला आलेल्यांसमोर मुलीनं असं रडायचं नसतं, पण ट्रे हातात असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.

तेवढ्यात आई पुढे झाली. झारा अजून हातात. "म्हंजी मानीचा हो खोटा असंन," ती म्हणाली, "तर मानीचा नाईई खोटाच नं? मंग माह्या मिक्सरचं काय?" आयुष्यात पहिल्यांदा ती एकदम मुद्द्यावर आली होती.

"मिक्सर आनू," बाबा म्हणाले, तिच्याकडे न पाहता. मग मला म्हणाले, "ट्रे ठेव. डोये पुस. आता विचार मले. आता गाडी नाई."

मी ट्रे ठेवला. विचारलं. डोळे पुसून विचारलं, "बाबा, मी गार्डच्या नोकरीवर जाऊ?" तेवढ्यात नदीच्या पुलावर खडखड झाली. रिकामी मालगाडी येत होती. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस तिकडे वळणार. बाबांचे डोळे खिडकीकडे गेले. मग ते उठले, खिडकीशी गेले आणि तिचं झडप लावून घेतलं. त्या घरात मी ती खिडकी दिवसाउजेडी बंद झालेली पहिल्यांदा पाहिली. गाडी कल्ला करत आली आणि आमच्या बाबांनी, जे कधी गाडीत बोलले नाहीत, पहिल्यांदा आवाज चढवला. "मान नाई हलवत," ते ओरडले. "तोंडानं सांगतो. जा!" आणि गाडीचा एकही डबा न मोजता माझ्याकडे पाहत उभे राहिले. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ती कशी सरळ ठेवली त्यांनी, त्यांचं त्यांनाच माहीत.

गाडी गेल्यावर काका खाकरले. "मंग आमचं?"

"तुमचं..." बाबांनी विचार केला. "तुमाले चहा देतो." आणि स्वतः आत जाऊन भरलेला कप घेऊन आले, अर्धा नाही, पुरा. काका समजूतदार निघाले हे कबूल केलं पाहिजे. चहा प्यायले, मुंगवडे पुडीत बांधून घेतले, आत्याबाईंना घेऊन निघाले. त्या मुलानं सबंध वेळात तोंड उघडलं नव्हतं. पायरीवर चप्पल घालताना तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "अठ्ठावन्नच होते न्?" मी हो म्हटलं. हे त्यानं आधी विचारलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही असं मी म्हणणार नाही.

मी गेले. ट्रेनिंग झालं, आणि सुरुवातीला भलतीकडच्याच गाड्या वाट्याला आल्या. गार्डच्या डब्यात सुख असतं ही माझी समजूत पहिल्याच दिवशी झडली. धड बसता येत नाही, पंखा नाही, पुढच्या डब्यांचे धक्के असे की दात मोजून घ्यावे लागतात. पण बोलायला कुणी नसतं हे खरं. आता गार्ड हा शब्दही गेला, काहीतरी लांबलचक नाव आलं आहे, आणि काही गाड्यांना तर तो डबाच नसतो, शेवटी एक पेटी लावतात म्हणे. आमची ती घरांची ओळही गेली, नव्या रुळांसाठी पाडली. बाबा त्याच्या आधीच गेले, ते एक बरं झालं.

कोळशाची भरलेली गाडी घेऊन मी पहिल्यांदा पुलगाववरून गेले तो दिवस रविवारच होता. घरी कळवलं नव्हतं. सिग्नलमुळे गाडी हळू चालली होती. मी झेंडी घेऊन दारात उभी राहिले. लांबून बाभूळ दिसली, मग बाज, मग बाजेच्या कडेला बाबा. त्यांची मान चालली होती. खाली-वर, खाली-वर, माझ्या पुढच्या एकेका डब्याला. त्यांना काय माहीत मागून कोण येतंय! माझ्या डब्याला आडवी मान मी लहानपणापासून पाहत आले होते. आज तीच मान माझ्यासाठी आडवी हलणार होती, आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. सत्तावन्न, अठ्ठावन्न. मग मी त्यांच्यासमोर आले. त्यांची मान आडवी निघाली आणि मध्येच अडकली. ते उठून उभे राहिले. मी झेंडी हलवली, ओरडले, "बाबा!" गाडीच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार. त्यांनी हात केला नाही, काही नाही. फक्त माझ्याकडे पाहत मान खाली केली आणि वर केली, एकदा, सावकाश. मग गाडी पुढे सरकली आणि ते बाभळीआड दिसेनासे झाले.

पंधरा दिवसांनी घरी गेले तेव्हा आई नव्या मिक्सरमध्ये चटणी फिरवत होती. "त्या दिवशी तुह्या बाबाले विचारलं, किती झाले, त म्हने एकोनसाठ," ती म्हणाली. "मी म्हटलं, अठ्ठावन्न असतात, तुमी काय गार्डचा डब्बा धरला का?" एवढ्यात गाडी आली. आईनं मिक्सर बंद केला आणि आम्ही दोघी थांबलो. बाबा बाहेर बाजेवर होते, त्यांची मान चालली होती. गाडी गेली. मी वाट पाहत होते.

"त म्हने, आज भरलेला होता."